भोंगामामाचं वाचन

भोंगामामाला हळू बोलता येत नसे. कानात काही सांगायला म्हणून तो जवळ आला, तरी शेजारच्या घरातलं माणूस "मला काही म्हणता का?" असं विचारत बाहेर येई. कारंज्यात त्याचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, सप्ताह, निवडणूक, काहीही असो, माईक त्याच्याच हातात. त्यामुळे घसा कायमचा त्या पट्टीत बसलेला. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ, म्हणजे खरा फक्त माझा मामा. पण भोंगे लावणारा म्हणून त्याच्याहून वयानं मोठी माणसंही त्याला भोंगामामाच म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. मी मात्र बँकेत, दवाखान्यात, एसटी स्टँडवर त्याच्यापासून दोन माणसं सोडून उभी राहायची. कारण "नंदे, पोट साफ झालं का वं तुहं?" हे तो बँकेच्या रांगेतही विचारायचा.

दुसरी खोड चष्म्याची. पुढ्यात काहीही छापलेलं आलं की तो खिसे चाचपायचा आणि म्हणायचा, "चष्मा घरी राह्यला. वाच वं नंदे." लग्नपत्रिका, औषधाची पट्टी, विजेचं बिल, एसटीची पाटी, सगळं मी वाचायचं. तो आमच्या मागच्याच घरात राहायचा, त्यामुळे अभ्यासाला बसलं की मागच्या दारातून हाक ठरलेली. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, तो चष्मा एकदाचा दोरीनं गळ्यात बांधून घ्या ना." तो गडगडून हसला. मामी भाकरी थापत होती. ती सहज म्हणाली, "याहिनं चष्मा घेतलाच कुठी?" मामानं तिच्याकडे असं पाहिलं, की भाकरी टोपल्यात पडेपर्यंत ती पुढचा शब्द बोलली नाही. आम्ही आपलं समजलो, मामा चिक्कू आहे.

लग्नात मात्र त्याची स्मरणशक्ती लोक बघत राहत. कोणाचं नाव कधी घ्यायचं, कोणत्या सोयऱ्याला कोणाच्या आधी मान द्यायचा, हे तो मुलीच्या बापाकडून एकदा ऐकून घेई आणि दिवसभर एक नाव चुकत नसे. चिठ्ठी दिलेली त्याला खपायची नाही. शिरपूरच्या एका लग्नात कोणीतरी घाईघाईत त्याच्या हातात चिठ्ठी कोंबली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आलेल्या समस्त पाहुणे मंडळींचं पुन्हा एकदा हार्दिक स्वागत!" चिठ्ठीत लिहिलं होतं की वऱ्हाडाची एक गाडी लगेच निघते आहे, मालेगावच्या लोकांनी बसून घ्यावं. गाडी निघून गेली. मालेगावची अर्धी मंडळी संध्याकाळपर्यंत मंडपात पत्रिकांनी वारा घेत बसली, आणि मुलीच्या काकांनी मामाला नको नको ते ऐकवलं. "चष्मा घरी राह्यला होता," एवढंच मामा म्हणाला. त्या दिवशी मलाही त्याचा भयंकर राग आला होता, कारण मालेगावच्या मंडळींना चहा करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मग माझं लग्न झालं, तेही कारंज्यातच. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे. आमची मुलगी गार्गी पाचवीत गेली आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी रडारड सुरू झाली. धडा कोणी वाचून दाखवला की ती तो जसाच्या तसा सांगायची, वर चार प्रश्न विचारायची. तिला पुस्तक दिलं की 'घर'चं 'धर' व्हायचं, वेलांट्या इकडच्या तिकडे जायच्या, मधलीच एखादी ओळ गळून पडायची. फळ्यावरचं निम्मं उतरवून होईपर्यंत फळा पुसला जायचा. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण आळशी आहे." डोळे तपासले, डोळे उत्तम. सासूबाईंनी बदाम सुरू केले. नणंदेनं दंडाला दोरा बांधला. शेजारणीनं सांगितलं, टीव्ही बंद करा. नवरा म्हणाला, शिकवणी लावा. शिकवणीवाले म्हणाले, घरी अभ्यास घ्या. प्रत्येकाकडे उपाय होता, आणि एकानंही गार्गीला विचारलं नव्हतं की बाई, तुला वाचताना नेमकं होतं काय?

शेवटी बदलून आलेल्या एका तरुण शिक्षिकेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला नागपूरला तपासून आणा. आम्ही गेलो. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी गार्गीसोबत बराच वेळ घालवला आणि आम्हाला समोर बसवून समजावलं. हिची बुद्धी चांगली आहे, डोळे चांगले आहेत. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी जुळवायला हिच्या मेंदूला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा रोग नाही, म्हणून याला गोळी नाही. वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागतं, आणि वेळ द्यावा लागतो. मग त्यांनी विचारलं, "घराण्यात आणखी कोणाला वाचायचा त्रास होता का?" मी ठामपणे म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी माहेरी आईला हे सगळं सांगत होते. मामा ओट्यावर बशीत चहा ओतून बसला होता. माझं बोलून झालं तसा म्हणाला, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

"घ चा ध होते म्हणतं?"

"हो मामा."

"ओळ सुटते?"

"हो."

"आन् कानानं आयकलेलं ध्यानात राह्यते?"

"हो, तेच तर सांगून राह्यली मी."

त्यानं भरलेली बशी खाली ठेवली आणि चपला न घालता निघून गेला. आई म्हणाली, "याले काय झालं आता?"

सकाळी तो माझ्या घरी आला. आवाज त्याच्या मानानं इतका खाली होता, की मला वाटलं कोणी गेलं. म्हणाला, "नंदे, मी चष्मा घेतलाच नाई कधी. घेऊन काय करू? मले वाचताच येत नाई. बाजारात माणूस भेटते ना, चेहरा वयखीचा, कालच भेटलेला, पण नाव काई केल्या सुचत नाई. शब्दाचं मले तसं होये. आन् बाजूचे पोट्टे धडाधडा नावं घेत पुढी जात." माझे आजोबा त्याला रोज दिवेलागणीला समोर बसवत आणि एकाच पानासाठी मारत. नाटकं करतो म्हणत. सहावीत त्यानं शाळा सोडली आणि मंडपवाल्याच्या हाताखाली बांबू उचलायला गेला. "बाबा जाईपावतर मले कामचुकारच म्हणत," तो म्हणाला. "मी त्याहिले काय सांगू? मलेच मालूम नव्हतं."

नागपूरला न्यायला लावलं त्यानं मला. आता या वयात कशाला, म्हटलं तर म्हणाला, "कायले म्हणजे? मले पाह्यचं हाये." त्याच बाईंनी त्याला वाचायला लावलं, लहानपणचं विचारलं, आणि सांगितलं की आता प्रमाणपत्राचा कागद देऊन उपयोग नाही, पण तुम्हाला हेच होतं आणि आहे. तो बाहेर येऊन रुमालानं तोंड पुसत बसला. मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं परतीच्या एसटीत बसेपर्यंतच टिकलं. कारंजा येईस्तोवर अर्ध्या गाडीला कळलं होतं की मंडपवाल्या मामाला लहानपणापासून काय आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

तेव्हापासून आमच्या घरातली शांतता संपली. न्हाव्याकडे, चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या फाटकात, मामा कोणालाही धरायचा. "तुमच्या घरी वाचाले अडखळणारं लेकरू हाये का?" हा त्याचा रामराम झाला. मास्तर दिसला की रस्ता अडवायचा. डिस्लेक्सिया हा शब्द त्याच्या जिभेवर कधी बसला नाही. तो डिसलेसिया म्हणायचा, तेही घाईत. लग्नात नवरी तयार व्हायला वेळ लागला की त्याला संधीच. "नवरी सजून राह्यली, तवरक एक गोष्ट सांगतो," म्हणून सुरू. मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी ताटकळत उभे आणि हा वेलांटी कशी सुटते ते सांगतोय.

अशाच एका लग्नात त्यानं माईकवरून सांगितलं, "माह्या भाचीची पोरगी, कृषी केंद्रवाल्याची गार्गी, तिलेबी हेच हाये." मी जेवणाच्या पंगतीत होते. हातातला घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एक आजी शहाळं घेऊन दारात. डोळ्यांत पाणी. "एवढ्याशा लेकराले डायलिसिस लागलं म्हणे वं बाई?" मी त्यांना समजावलं, त्या मान हलवत गेल्या आणि संध्याकाळी त्यांची सून मोसंबी घेऊन आली. दुकानात गिऱ्हाईकं बियाणं राहू देऊन नवऱ्याला विचारत होती, "भाऊ, किडनी कोन देऊन राह्यलं?" शाळेत बाईंनी गार्गीला खेळाच्या तासाला सावलीत बसवून ठेवलं. पोरींनी तिला पाण्याची बाटली स्वतःहून भरून दिली, मग खरं कळल्यावर तेवढ्याच उत्साहानं तिची नक्कल केली. गार्गीनं घरी येऊन दप्तर फेकलं. "आबाजीनं माझं काहून सांगितलं?" तिनं एवढंच विचारलं. मामाला ती आबाजी म्हणायची. त्यानंतर तो आला की ती आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची.

मी मामाच्या घरी जाऊन भांडले. तो म्हणाला, "साठ वर्सं लपवलं मी. काय भेटलं लपवून? पोरीनंबी तसंच जगायचं का?"

"तुमचं तुमी सांगा. हजार वेळा सांगा. तिचं तिले सांगू द्या. नसंल सांगायचं तर नका सांगू देऊ."

"मी तिच्या भल्यासाठी..."

"तिले विचारलं होतं का तुमी?"

गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन ऐकत होती. मामा बराच वेळ वाद घालत राहिला, मग एकाएकी उठून आत गेला. त्या दिवसापासून त्यानं गार्गीचं नाव माईकवर घेतलं नाही. पण माईक सोडला नाही. आमच्या दारात तो बोरांची पुडी ठेवून जायचा, दार न वाजवता. ती पुडी गार्गी उचलत नव्हती, मी उचलायची. असे कितीतरी महिने गेले.

गार्गी सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला मंडप आणि साउंड मामाचंच होतं. दोन नाचांच्या मध्ये पडद्यामागे काही अडलं, आणि मुख्याध्यापकांनी त्याला खूण केली की दोन मिनिटं सांभाळून घ्या. मी खुर्चीत अंग चोरून बसले. पुढे काय येणार हे मला माहीत होतं असं मला वाटलं. मामानं समोरच्या एका पाहुण्याच्या हातातली गॅदरिंगची पत्रिका मागून घेतली, दिव्याखाली धरली आणि वाचायला लागला.

"स... सस्... सस्ने... ह. नि... निम... मं..."

आधी कोणाला कळेना. मग मागून हसू आलं. कोणीतरी शिटी मारली. एक पालक ओरडला, "मामा, चष्मा लावा!"

"चष्म्यानं होत नाई बाप्पा," मामा माईकमध्ये म्हणाला. "चष्म्याचं मी खोटं सांगत होतो." आणि त्यानं पुन्हा पत्रिकेत बोट ठेवलं. पुढचं प्रत्येक अक्षर त्यानं तसंच ओढत नेलं. कपाळावरून घाम गळत होता. हसू हळूहळू कमी झालं. काहीजण कंटाळले, काहीजण खाली बघू लागले. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मला उठून त्याच्या हातातून ती पत्रिका ओढून घ्यावीशी वाटत होती.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "हासले तुमी, काई हरकत नाई. मी शाळेत होतो तवाबी वर्ग असाच हासे. मास्तरहो, तुमच्या वर्गात असं वाचणारं एखांदं लेकरू असंल. त्याले आळशी म्हनू नका, मारू नका, आन् सगळ्याइच्या समोर उभं करून वाचाले लावू नका. त्याच्या मायबापाले सांगा, तपासून आना म्हना. झालं माहं."

टाळ्या म्हणाव्या अशा काही पडल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी येऊन माईक घेतला आणि पुढच्या नाचाचं नाव पुकारलं. नंतर त्यांनी मला गाठून सांगितलं, की कार्यक्रम लांबला, तुमच्या मामांना थोडं समजावा. मी हो म्हटलं. तेवढ्या वर्षांत मी त्याला काय काय समजावलं होतं हे त्यांना कुठून माहीत असणार?

मैदान रिकामं झालं. मामा स्टेजमागे वायरी गुंडाळत होता. त्याला घरी चला म्हणायला गेले तर गार्गी आधीच तिथे उभी. तिच्या हातात पत्रिका होती.

"आबाजी, तुमी दुसरी ओळ गाळली."

मामा वळला. "गाळली का?"

"हो. 'वेळेवर उपस्थित राहावे' तुमी वाचलंच नाही."

"तुले कसं समजलं?"

"मी पत्रिका धरून ऐकत होते. घरी वाचली तेव्हा माझीपण तीच सुटली होती."

वायरीचं वेटोळं मामानं उलगडलं आणि परत गुंडाळायला घेतलं. गार्गीनं दुसरं टोक धरलं. मग सगळं मैदान पार करून आवाज आला, "नंदे, पोरगी बोलली वं माह्यासंग!" मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होते.

त्या कार्यक्रमानं शाळा बदलली असं मी सांगणार नाही. दोन शिक्षिका पुढच्या आठवड्यात चौकशीला आल्या. बाकीच्यांना मामाची नक्कल तेवढी लक्षात राहिली. गार्गी दहावीत गेली तेव्हा जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून आम्ही कागदपत्रं दिली, तर शाळेच्या ऑफिसातून उत्तर आलं की असं काही नसतं. मग म्हणाले, असतं, पण आपल्याकडे कोणी घेत नाही. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. नवरा चिडून घरी बसला. मामा मात्र रोज सकाळी जाऊन ऑफिसच्या बाकावर बसू लागला. तो भांडायचा नाही. आल्यागेल्याला फक्त सांगायचा की मी इथं काहून बसलो. ते सगळ्या वर्गांत ऐकू जायचं. शेवटी त्याला तिथून उठवण्यासाठी का होईना, प्रस्ताव बोर्डाकडे गेला आणि मंजूर होऊन आला. लेखनिक म्हणून खालच्या वर्गातली मुलगी हवी होती. तिचे आईवडील कचरत होते. त्यांच्या घरी जाऊन बसला, तोही मामाच.

गार्गी चांगली पास झाली. मामाला आमच्या दारासमोर भोंगे लावायचे होते. पण या वेळी त्यानं आधी तिला विचारलं. ती नको म्हणाली, आणि त्यानं लावले नाहीत. पेढे वाटताना मात्र त्याचं तोंड कोणी धरणार?

तिनंच पुढे त्याला फोनवर बातम्या ऐकायला शिकवलं. बोट लावलं की फोन वाचून दाखवतो, हे कळल्यावर मामाच्या सकाळी आणि माझ्या माहेरच्याही सकाळी बदलल्या. पहाटे चहाच्या आधी अख्ख्या गल्लीला कापसाचे भाव, अपघात, निधनवार्ता, सगळं फोनच्या त्या रडक्या आवाजात ऐकावं लागे. आई म्हणायची, याले वाचता येत नव्हतं तेच बरं होतं.

मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, मंडपाचे खांब रोवताना त्याच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं. तिथं नर्सनं सहीसाठी कागद पुढे केला. मी वाचायला म्हणून हात पुढे केला, तर त्यानं मला थांबवलं आणि नर्सला म्हणाला, "ताई, मले वाचाचा त्रास हाये, लहानपनापासून. तुमी वाचून दाखवा, मंग मी सही करतो." त्या बिचारीनं सगळा कागद वाचून दाखवला. त्यानं दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला. सही केली आणि ती वळली तसं विचारलं, "तुमच्या घरी लेकरं हायेत का? वाचते का बराबर?" शेजारच्या खाटेवरच्या माणसानं उशी कानावर घेतली. सकाळी मामा गेला.

तेरवीला मामाचं घर भरलेलं होतं. मी वाढपात बुडालेली असताना एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून दारात आला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, नुकताच ऊसतोडीहून परतलेला. त्याला मामा गेल्याचं माहीत नव्हतं. समोर हार घातलेला फोटो बघून तो दारातच थबकला. "एका लग्नात भोंग्यावर आयकलं होतं याहिचं," तो म्हणाला. "म्हनत होते, माह्या भाचीच्या घरी या, ती सांगते सगळं. तिथी कुलूप दिसलं, शेजारनीनं इकडे धाडलं. मास्तर म्हनते, पोरीले अक्षर येत नाई, उगीच कायले शाळेत पाठवता, सोबत न्या तोडीले. म्हनून आलो. पन आता..." तो परत निघाला होता.

मामानं भर लग्नात माझ्या घराचा पत्ता वाटला होता, हे मला तेव्हा कळलं. इतका संताप आला की फोटोकडे बघून मी पुटपुटले, मला एकदा तरी विचारायचं होतं. पंगत वाट बघत होती, हातात वरणाचं भांडं होतं, आणि दारातला माणूस पायरी उतरत होता.

गार्गी अकोल्याहून आली होती. तिथं ती पशुसंवर्धनाच्या पदविकेला आहे, पुस्तकं फोनवर ऐकून अभ्यास करते. कॉलेजातल्या मैत्रिणींनाही तिनं आपलं काही सांगितलेलं नव्हतं. ती माझ्या मागून आली, त्या माणसाला आत बोलावून पाटावर बसवलं, आणि मुलीला ओट्यावर घेऊन गेली. तिच्याशेजारी मांडी घालून बसली.

"माझं नाव गार्गी. मी वाचते ना, तेव्हा माझी अक्षरं अदलाबदल होतात. अजूनबी होतात. तुले वाचताना काय होते, मले सांगशील?"

मुलीनं आत बापाकडे पाहिलं. मग खाली मान घालून अगदी हळू काहीतरी बोलायला लागली. गार्गी वाकून ऐकत होती. त्या मुलीला ताट वाढायला मी बऱ्याच उशिरानं गेले, कारण मध्ये जावंसं वाटेना.

ती मुलगी या वर्षी शाळेतच आहे. आजीजवळ तांड्यावर राहते. तिच्या बापानं बाकीच्या तांड्यात सांगितलं असणार, कारण लोक अजून येतात. आधी फोन करत नाहीत. नेमके जेवणाच्या वेळेला येतात, कधी दुकानात, कधी थेट स्वयंपाकघरात. नवरा म्हणतो, दारावर पाटी लावू. पाटी कशाला, यातल्या निम्म्यांना ती वाचता येणार नाही. मी चिडते, गॅस बारीक करते, आणि सांगायला बसते.